आरएनएची घडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मायोटोनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायूविकारात सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरे जनुकात पुन्हा पुन्हा येतात, पण प्रथिनाचा मजकूर बदलत नाही, असे वाचले. मग आजार होतो कशाने?
– जीवशास्त्र शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : वाचलेत ते बरोबर आहे. डीएमपीके हे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे आणि ही पुनरावृत्ती त्याच्या शेवटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात असते. निरोगी माणसात ती साधारण ५ ते ३४ वेळा येते. ५०च्या पुढे आजार दिसू लागतो आणि जन्मतःच दिसणाऱ्या तीव्र प्रकारात ती बहुधा हजाराच्या वर गेलेली असते. त्रास देतो तो या जनुकावरून उतरलेला आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल. त्यात टीच्या जागी यू येतो आणि हे सीयूजी स्वतःवरच दुमडतात.

वर्गात करून दाखवा. चौकटीच्या वहीतून १८ चौकटींची पट्टी कापा आणि तिच्यावर सी-यू-जी सहा वेळा लिहा. पहिला सी शेवटच्या जीसमोर येईल अशी ती दुमडा. सी आणि जी जुळतात. यूसमोर यू येतो, त्याची जोडी कच्ची राहते. मोजलेत तर सी-जीच्या पाच जोड्या, यू-यूच्या दोन आणि वळणावर यू-जी-सी-यू ही चार मोकळी अक्षरे मिळतील. केसांत खोचायच्या आकड्यासारखा हा आकार. आता एका टोकाची तीन अक्षरे सोडून पट्टी पुन्हा दुमडा. या वेळी चार जोड्या जुळतात आणि वळणावर तीन अक्षरे उरतात. घडी सरकली, तरी बरीचशी टिकली! सहा पुनरावृत्तींत पाचातली एक जोडी गेली तर फरक पडतो. शेकडो पुनरावृत्तींत तो जाणवतही नाही. म्हणून लांब आरएनएच्या अनेक घड्या जवळजवळ सारख्याच सोयीच्या असतात. छापील आकृतीत एकच घडी दिसते, तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगा.

या घडीवर एमबीएनएल१ हे प्रथिन जाऊन बसते. इतर जनुकांच्या आरएनएतला कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. लांब सीयूजी-आरएनए पेशीच्या केंद्रकात पुंजके करून राहतो आणि हे प्रथिन तिथेच अडकते. मग स्नायूतल्या क्लोराइड वाहिनीच्या आरएनएची जोडणी चुकते, वाहिन्या कमी पडतात आणि आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. म्हणूनच घट्ट धरलेली मूठ चटकन सुटत नाही.

प्रश्न : २० सीयूजींचा आरएनए नेटिव्ह जेलवर (रेणूंची घडी न मोडता त्यांना वेगाप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर) चालवला तर दोन पट्टे येतात. नमुना खराब झाला का?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : बहुतेक नाही. ही अक्षरे स्वतःशी जुळतात, तशीच शेजारच्या रेणूशीही जुळतात. रेणू दाट असतील आणि नमुना सावकाश थंड केला असेल, तर दोन रेणू एकमेकांना बिलगून दुपदरी होतात. तो वरचा, मंद धावणारा पट्टा. नमुना पातळ करा, ९५ अंशांवर दोन मिनिटे ठेवा आणि लगेच बर्फात घाला. एकट्या रेणूची घडी वाढेल. खात्रीसाठी आरएनएच्या दोन-तीन वेगवेगळ्या तीव्रतांवर (कमी-जास्त दाट द्रावणांत) वितळण्याचे, म्हणजे जोड्या सुटण्याचे, तापमान मोजा. एकट्याच्या घडीचे तापमान तीव्रतेने बदलत नाही, दुपदरीचे बदलते.

गरम करताना बफरमध्ये मॅग्नेशियम नको, त्याने आरएनए तुटतो; थंड झाल्यावर घाला. तुटलेला आरएनए नेमक्या दोन पट्ट्यांऐवजी खाली पसरट डाग देतो, त्यावरून फरक ओळखता येतो.

प्रश्न : द्राक्षाच्या विरळणीत कात्री धरली की धाकट्या भावाचा हात लवकर उघडत नाही. डॉक्टरांना मायोटोनिक डिस्ट्रॉफीची शंका आहे, पण एक्झोम तपासणी (जनुकांतला प्रथिनांचा मजकूर वाचणारी तपासणी) निर्दोष आली. आजार नाही असे समजावे का?
– वाचक, निफाड

उत्तर : नाही, या अहवालावरून तसे समजू नका. नेहमीच्या एक्झोम तपासणीत डीएनए साधारण १५० अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात. ५० पुनरावृत्ती म्हणजेच १५० अक्षरे. तुकडा सगळाच सीटीजींचा निघाला तर पुढे किती आहेत ते कळत नाही. शिवाय हा भाग प्रथिनाच्या मजकुराबाहेरचा, त्यामुळे बहुधा तो तपासलाच जात नाही.

मागायची ती तपासणी 'डीएमपीके रिपीट, ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआर'. पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य नकला काढण्याची पद्धत. नुसत्या पीसीआरमध्ये जनुकाच्या दोन प्रतींपैकी लांब प्रत वाढतच नाही, फक्त निरोगी प्रत दिसते आणि अहवाल चुकीने चांगला वाटतो. ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआरमध्ये लांब प्रत असेल तर तीन-तीन अक्षरांच्या अंतराने उतरत जाणारी शिखरांची रांग दिसते. नेमकी लांबी हवी असेल तर पुढे सदर्न ब्लॉट ही डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजणारी तपासणी करतात. रक्त जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीएच्या नळीत घ्यावे. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिन पीसीआर अडवते. उन्हाळ्यात निफाडहून नाशिकला नमुना नेताना तो उन्हातल्या गाडीत ठेवू नका; थंड डब्यात न्या, पण गोठू देऊ नका.

आकडा आला तरी त्यावरून आजाराची तीव्रता पक्की ठरवू नका. ही पुनरावृत्ती वयानुसार वाढत जाते आणि स्नायूत ती रक्तापेक्षा बरीच लांब असते. आजार निघाला, तर भावाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. पुढच्या पिढीत तो अनेकदा लवकर आणि जास्त तीव्र दिसतो. लक्षणे नसलेल्या नातेवाइकांनी आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावे, मग रक्त द्यावे.

निकालाची वाट पाहत असतानाही ईसीजी काढून घ्या, कारण या आजारात हृदयातल्या विद्युतसंदेशांची वाट अडू शकते आणि आधी काही जाणवत नाही. आजार निश्चित झाला तर ईसीजी दरवर्षी काढावा. कोणतीही शस्त्रक्रिया, अगदी दाताची असली तरी, ठरली की भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा. सक्सिनिलकोलीन हे औषध दिल्यास अशा रुग्णाचे स्नायू आखडतात आणि जबडा उघडून श्वासनळीत नळी घालणे अवघड होते.