त्रिनिदाद: पाणी ओसरलं, पण युरिया आताच नको

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरच्या अरँग्वेझ आणि कॅरोनी या शेतीच्या पट्ट्यातून या आठवड्यात आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: शेतात तीन दिवस पाणी तुंबलं होतं, आता मिरची आणि बोडी (चवळी) पिवळी पडलीय, युरिया देऊ का?

आज देऊ नका. इथली माती भारी, चिकण. पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. अशा मुळांना खत उचलता येत नाही, टाकलेलं वाया जातं. आधी एक रोप उपटून मूळ दोन बोटांत धरून ओढा. पांढरं आणि टणक असेल तर पीक सावरेल. साल सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला, तर ते मूळ कुजलंय. अशी रोपं काढून शेताबाहेर न्या.

मग चर मोकळे करा. चर जिथे नाल्याला मिळतो ते तोंड आधी बघा, पालापाचोळा आणि प्लास्टिक तिथेच अडकतं. वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत होणं) येईपर्यंत वाफ्यात पाय घालू नका, ओली चिकणमाती तुडवली की ती विटेसारखी आवळते. मूठभर माती दाबून तिचा गोळा वळा. बोटाने टोचल्यावर तो फुटला की वाफसा आला. त्यानंतर युरिया, तोही थोडा थोडा, दोन हप्त्यांत.

कसाव्याचं विचारणाऱ्यांनो, कंद तयार असतील तर लगेच काढा. तुंबलेल्या पाण्यात ते झपाट्याने कुजतात. डॅशीन म्हणजे अळूच, ते ओल सोसतं. त्याची काळजी नको.

ग्रान कूवा या कोकोच्या बागांच्या भागातून कोकोची फळं काळी पडल्याचं कळवलंय. हा फायटोफ्थोरा, म्हणजे बुरशीसारख्या जंतूमुळे होणारा फळकुजीचा रोग. सुरुवातीला तपकिरी ठिपका दिसतो, दमट हवेत तो बघता बघता अख्खं फळ व्यापतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारच्या फळांवर जातो. दर आठवड्याला बागेत फिरून रोगट फळं उतरवा, झाडाखाली टाकू नका, जमिनीत पुरा. पिकलेल्या फळावर डाग नुकताच आला असेल तर लगेच फोडा, आतल्या बिया बहुधा वाचतात. इमॉर्टेलच्या (हा पांगाऱ्याच्या कुळातला) सावलीच्या फांद्या विरळ करा, वारा खेळू द्या. तांब्याचं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेतच, आणि उघडीप असताना फवारा.

पुराचं पाणी लागलेली लेट्यूस आणि पालेभाजी विकू नका, घरीही खाऊ नका. महिनाभराची मेहनत टाकून द्यायची म्हणजे जीव तुटतो, हे मी बांधावर उभं राहून पाहिलंय. पण त्या पाण्यात शौचालयांची घाण मिसळलेली असते.

चिखलात गमबूट घालूनच उतरा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत येतो तोच ताप. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं काही वाटलं तर डॉक्टरांना शेतात पाण्यात होतो हे आवर्जून सांगा. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी उघड्या हाताने उचलू नका. पावसाळा डिसेंबरपर्यंत आहे, तेव्हा नवी रोपं उंच वाफ्यावरच लावा.