हाताचा अंगठा बाहेर आणि पायाचा आत, असं कसं?

प्रश्न: ताई, मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मीडियल, लॅटरल, सॅजिटल सगळं रात्री पाठ करते आणि सकाळी पाटी कोरी. पुस्तकात हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा मीडियल लिहिलाय, छापताना चुकलंय का? सीटी स्कॅनमध्ये लिव्हर डावीकडे का दिसतं? आणि किडनी नक्की पोटात धरायची की पाठीत?

उत्तर: अगं, पुस्तक बरोबर आहे. तू शब्द पाठ करतेयस पण ते ज्या उभं राहण्यावरून ठरलेत ते तुला कोणी करून दाखवलेलं दिसत नाही, म्हणून आत्ता वाचता वाचताच उठून उभी राहा. नजर समोर, पाय जुळवलेले, हात बाजूला सोडलेले आणि तळहात समोरच्याला दिसतील असे पुढे वळवलेले. ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन, पेशंट पालथा झोपलेला असो की खुर्चीत बसलेला, शब्द वापरताना त्याला मनात असंच उभं करायचं.

आता शरीराच्या मधोमध डोक्यापासून खाली एक रेघ समज, तिच्या जवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. अंगठा बघ कुठे गेला, बाहेर! करंगळी मांडीला टेकलीय म्हणून ती मीडियल. हात नुसता सैल सोडला तर तळहात मांडीकडे वळतो आणि अंगठा पुढे येतो, तिथेच तुझा घोळ झाला. तळहात पुढेच का, तर तो मागे वळवला की कोपराखालचं रेडियस हाड शेजारच्या अल्ना हाडावरून आडवं जातं, मग आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हेच सांगता येत नाही. आणि पायाचं म्हणशील तर गर्भात वाढताना हात बाहेरच्या बाजूला वळतात आणि पाय आतल्या बाजूला, त्यामुळे पायाचा अंगठा मधल्या रेघेकडे येतो. मला हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं होतं, कारण मग पाठ करायला काही उरतच नाही.

प्रॉक्सिमल आणि डिस्टल मुख्यतः हातापायांसाठी. जिथे हात धडाला जोडलाय त्याच्या जवळचं प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल, म्हणून कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, आणि रिपोर्टवर डिस्टल रेडियस फ्रॅक्चर लिहिलं असेल तर हाड मनगटाजवळ मोडलंय.

प्लेन म्हणजे काप. सॅजिटल डावं उजवं वेगळं करतो, कोरोनल हेअरबँडसारखा कानापासून कानापर्यंत जाऊन पुढचं मागचं वेगळं करतो, ट्रान्सव्हर्स कमरेच्या पट्ट्यासारखा आडवा. सीटीचे आडवे काप बघताना तू उताण्या पेशंटच्या पायाशी उभी राहून डोक्याकडे बघतेयस असं धरायचं, मग त्याची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला येणारच, आणि लिव्हरही. डावं उजवं नेहमी पेशंटचं, आपलं कधीच नाही. हे कृपा करून हलकं घेऊ नकोस, बाजू चुकली तर भलत्याच अवयवाचं ऑपरेशन होऊ शकतं.

पोकळ्यांचं थोडक्यात सांगते. मागच्या बाजूला कवटीची आणि मणक्यांची, त्यात मेंदू आणि स्पायनल कॉर्ड, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. पुढे छाती आणि पोट, मध्ये डायफ्रामचा पडदा. पोट आणि ओटीपोट यांच्यात मात्र भिंत नाही, नावं दोन पण जागा सलग. आणि किडनी, तुझी शंका अगदी रास्त आहे. ती पोटातच धरायची पण पोटाच्या आतलं जे पेरिटोनियमचं अस्तर आहे त्याच्या मागे, पाठीच्या स्नायूंना लागून, म्हणून तिला रेट्रोपेरिटोनियल म्हणतात आणि म्हणूनच सर्जनला ते अस्तर न उघडता पाठीकडून किडनीपर्यंत पोचता येतं.