आयर्लंडमधलं जुना इतिहास असलेलं एखादं लहान गाव सुचवाल का? एकच दिवस हाताशी आहे.

काँगला जा. मेयो परगण्यातलं, गॅलवेहून गाडीने तासाभरावर. मी गॅलवेत नोकरीला होतो तेव्हा घरी पाहुणे आले की त्यांना तिथेच न्यायचो. मास्क आणि कॉरिब या दोन मोठ्या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलंय.

१९५१ साली हॉलिवूडचा नट जॉन वेन इथे शूटिंगला आला होता, त्या जागा गावकरी आग्रहाने दाखवतात. दाखवू द्या, पण आधी कालवा बघा. बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा दोन्ही तळी जोडायला तो खणायला घेतला. आपण ज्याला दुष्काळी काम म्हणतो तेच. उपाशी माणसांनी खडक फोडला. पण इथला दगड चुनखडीचा, सगळा भेगाभेगांचा, त्यात पाणी टिकत नाही; मास्कचं पाणीसुद्धा जमिनीखालूनच काँगला येऊन वर निघतं. त्यात खर्च वाढला, रेल्वे आली आणि १८५४ साली काम थांबलं. उन्हाळ्यात गेलात तर घडीव दगडांच्या भिंतींमध्ये नुसतं गवत दिसेल. बोट एकही गेली नाही.

जवळच मास्कच्या काठी कॅप्टन बॉयकॉट राहायचा, जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांशी खंडावरून वाजलं आणि लोकांनी त्याला वाळीत टाकलं. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक! इंग्रजीतला 'बॉयकॉट' तो हाच. टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या बहिष्काराला इंग्रजीत याच गृहस्थाचं नाव आहे.

मठ बाराव्या शतकातला. आयर्लंडचा शेवटचा सम्राट रोरी ओकॉनर राज्य सोडून इथे राहिला आणि ११९८ मध्ये इथेच वारला. मठामागे नदीवर भिक्षूंची मासेमारीची दगडी खोली आहे. जमिनीत चौकोनी भोक, खाली वाहतं पाणी. मासा लागला की दोरीने मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजायची म्हणे. माझ्या आईला सगळ्या आयर्लंडात एवढीच गोष्ट पटली.

काँगचा प्रसिद्ध क्रॉस, म्हणजे मिरवणुकीत धरायचा जुना नक्षीदार क्रूस, मात्र मठात शोधू नका. मी शोधला होता. तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.