स्वस्त मंगळ मिशनच्या नादाला लागण्याआधी

तुझा मेल वाचला. एस्कपेडबद्दल, म्हणजे नासाच्या त्या दोन छोट्या यानांच्या मंगळ मिशनबद्दल, एवढं भरभरून लिहिलंयस, छान वाटलं, पण "10 कोटी डॉलरच्या आत मंगळ, म्हणजे आता कुणालाही जमेल" हे वाक्य खटकलं, म्हणून बसलोय लिहायला.

आकडा खोटा नाहीये. मंगळाचं वातावरण कसं उडून जातं हे बघायला नासाने 2013 ला मेवन पाठवलं, त्याला साधारण 58 कोटी डॉलर लागले होते, आणि एस्कपेडची दोन यानं त्याच प्रश्नावर एकाच वेळी दोन ठिकाणांहून मोजमाप घेणार, तेही एवढ्याशा पैशात. विज्ञान बर्कली विद्यापीठाचं, यानं रॉकेट लॅबने बांधली, रॉकेट ब्लू ओरिजिनचं. लाँचचं कंत्राट फक्त 2 कोटी डॉलरचं! पण एवढं स्वस्त का पडलं ते विचार ना. ब्लू ओरिजिनच्या त्या न्यू ग्लेन रॉकेटचं हे दुसरंच उड्डाण होतं, नव्या रॉकेटची रिस्क नासाने मुद्दाम पत्करली म्हणून.

आणि त्याची किंमत तारखेत मोजावी लागते. आधी ही यानं नासाच्या सायकी या लघुग्रहाकडे जाणाऱ्या मिशनच्या रॉकेटवर जोडीने जाणार होती, म्हणजे वडापमधल्या मागच्या सीटसारखं, गाडी कुठून न्यायची ते तुम्ही सांगायचं नाही. सायकीला स्पेसएक्सचं फाल्कन हेवी रॉकेट मिळालं, मार्ग बदलला, हे दोघे खाली उतरले, यानाचं डिझाइनच नव्याने करावं लागलं. मग ऑक्टोबर 2024 ठरला. यानं फ्लोरिडाला पोचली, आणि सप्टेंबरमध्ये नासाने इंधन भरायच्या आधीच थांबवलं, कारण एकदा भरलं आणि रॉकेट लेट झालं तर ते विषारी इंधन परत काढायचं म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही. मला विचारशील तर अख्ख्या मिशनमधला सगळ्यात शहाणा निर्णय तो. बातम्यांमध्ये "पुन्हा विलंब" एवढंच आलं, असो.

मंगळाची खिडकी, म्हणजे कमी इंधनात तिथे पोचता येईल असा काळ, 26 महिन्यांनी उघडते, ती हुकली. मग टीमने काय केलं बघ, 13 नोव्हेंबर 2025 ला उडवलं, खिडकी नसताना! यानं आधी पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर एल-2 च्या (सूर्य आणि पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या बिंदूच्या) आसपास थांबणार, नोव्हेंबर 2026 ला पृथ्वीजवळून वळसा मारून सुटणार, सप्टेंबर 2027 ला मंगळावर. इंधन भरल्यावर यानाचं अर्ध्याहून जास्त वजन इंधनाचंच आहे, जास्तीची सोय ठेवून डिझाइन केलं म्हणून असा उद्योग जमतो.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. नासाच्या याच छोट्या, स्वस्त मिशनच्या प्रोग्रॅममधलं लूनर ट्रेलब्लेझर हे चंद्रयान फेब्रुवारी 2025 ला उडालं आणि दुसऱ्याच दिवशी संपर्क गेला तो गेलाच.

म्हणून तुला सांगतो, पेलोडचं (यानावरच्या उपकरणांचं) शिकतोयस ते शिकच, पण सोबत ट्रॅजेक्टरी (यानाचा मार्ग) आणि इंटरफेस (यान रॉकेटला कसं जोडायचं ते) पण शीक, आणि हो, कंत्राटं वाचायला कंटाळू नको, लाँच पुढे गेलं तर खर्च कोणाच्या बोकांडी बसणार हे तिथेच लिहिलेलं असतं.

आता एक काम कर. जेनस नावाचं मिशन होतं, दोन यानं, जोडलघुग्रहांकडे (एकमेकांभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांच्या जोड्यांकडे) जायची, तीही सायकीच्याच रॉकेटवरून. सायकी 2022 ऐवजी 2023 ला निघालं आणि जेनसची तयार यानं गोदामात गेली. एक वर्षाने एवढं काय बिघडलं ते डेल्टा-व्ही (मार्ग गाठायला यानाचा वेग किती बदलावा लागतो तो आकडा) काढून मला दाखव, एक्सेलमध्ये केलंस तरी चालेल, फक्त गृहीतकं वेगळ्या शीटवर ठेव.