गच्चीवरचं एपीपी, डब्याचं पीपी

प्रश्न : गच्ची गळते म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, 'एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे डांबराचा रोल, टाकू. त्यातलं पीपी म्हणजे तुमच्या जेवणाच्या डब्याचंच प्लास्टिक.' डबा तर कडक, गरम भातानंही वाकत नाही. तेच प्लास्टिक डांबरात चिकट कसं होईल? की थाप मारतोय? – एक वाचक, सांगली

उत्तर : थाप नाही. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच, म्हणजे पीपी. त्याचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. साखळीच्या एकाआड एक कार्बनला बाजूला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो. हे गट सगळे एकाच बाजूला आले की साखळी मळसूत्रासारखी वळते, साखळ्या शेजारीशेजारी घट्ट बसून स्फटिक होतात. तो झाला आयसोटॅक्टिक माल, साधारण 160 अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारा. गट वाटेल तसे डावे-उजवे आले तर स्फटिक जमतच नाहीत, मऊ चिकट गोळा हाती येतो. तो अटॅक्टिक. तुमच्या रोलमधला पहिला 'ए' त्याचाच.

बाजू ठरवतो तो कॅटॅलिस्ट, म्हणजे प्रॉपिलीन वायूचे रेणू जोडून साखळी घडवणारा पदार्थ. 1954 साली मिलानमध्ये रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टांनी जर्मनीतल्या कार्ल झीग्लरांचा टायटॅनियम-ॲल्युमिनियमचा कॅटॅलिस्ट प्रॉपिलीनवर वापरला, तेव्हा दोन्ही प्रकार एकत्रच निघाले. सॉल्व्हंटनं वेगळे करावे लागले. दोघांना 1963चं नोबेल मिळालं, पण चिकटा कारखान्यांच्या गळ्यात राहिला.

माझी नोकरी अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. पावडर हेप्टेन नावाच्या उकळत्या सॉल्व्हंटमध्ये ठेवायची, अटॅक्टिक विरघळून जातं, न विरघळता उरेल तेवढा माल चांगला. हा आकडा घसरला की प्लांटमधून फोन यायचाच, बहुतेक जेवणाच्या वेळी. मग पहिला संशय डोनरवर, म्हणजे कॅटॅलिस्टला शिस्त लावणाऱ्या मदतनिसावर. कॅटॅलिस्टमध्ये मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर टायटॅनियम बसतं, पण काही जागा ऐसपैस असतात, तिथं प्रॉपिलीन कुठल्याही बाजूनं शिरतं. डोनर म्हणून घातलेलं एस्टर किंवा सिलेन अशा जागा अडवतं, नाहीतर अरुंद करतं. मला विचाराल तर या धंद्यातली खरी हुशारी इथं आहे.

पुढे झिर्कोनियमच्या मेटॅलोसीनांनी, म्हणजे कार्बनच्या दोन कड्यांमध्ये धातू धरलेल्या कॅटॅलिस्टांनी, कमाल केली. धातूभोवतीची कड्यांची जोडी बदलून 1988मध्ये जॉन युएन आणि सहकाऱ्यांनी गट एक डावीकडे, एक उजवीकडे असे शिस्तीत बसवले.

नव्या कॅटॅलिस्टांमुळे अटॅक्टिक इतकं कमी निघतं की एकेकाळी नको असलेला हा माल आता मुद्दाम बनवतात.

तेव्हा नावावरून भांडू नका. गॅसच्या टॉर्चनं तापवून चिकटवताना जोडावर रोल 10 सेंटीमीटर तरी चढवून घेतोय ना, तेवढं उभं राहून बघा.