वनुनू 'फितूर' की 'जागल्या'?

विचारलंय असं की इस्रायलच्या अण्वस्त्रांची माहिती बाहेर आणणाऱ्या मोर्देखाय वनुनूवरच्या एका मराठी लेखात त्याला 'फितूर' म्हटलंय, ते बरोबर का, आणि व्हिसलब्लोअरला, म्हणजे आपल्याच संस्थेतली लपवलेली गोष्ट लोकांसमोर आणणाऱ्याला, मराठीत चांगला शब्द कोणता.

फितूर चुकीचाच. फितूर म्हणजे शत्रूला आतून सामील झालेला, आणि कोर्टात साक्षीदार फितूर होतो तेव्हा तो आधी दिलेली साक्ष फिरवतो. वनुनूने यातलं काय केलं? इस्रायलमधल्या डिमोनाच्या अणुकेंद्रात तो टेक्निशियन होता, आतले फोटो चोरून काढले आणि दिले लंडनच्या संडे टाइम्सला, ५ ऑक्टोबर १९८६ ला ते छापून आलं, म्हणजे जगाबरोबर इस्रायलच्या नागरिकांनाही कळलं की आपल्याकडे अण्वस्त्रं आहेत, जे त्यांचं सरकार ना कबूल करत होतं ना नाकारत होतं. छापून येण्याआधीच मोसादने, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेने, त्याला रोमला नेऊन पळवलं होतं. पुढे कोर्टात नेताना पत्रकारांशी बोलू देईनात, तर या माणसाने तळहातावर लिहिलं की मला ३०.९.८६ ला रोममधून पळवलंय, विमानाच्या नंबरसकट, आणि हात गाडीच्या काचेला लावला! याला शब्द फिरवणं म्हणतात? इस्रायली कोर्टाने देशद्रोह आणि हेरगिरीबद्दल १८ वर्षं दिली, ११ हून जास्त एकांतवासात गेली, तर 'देशद्रोहाबद्दल शिक्षा झालेला' असं खुशाल लिहा, ती फॅक्ट आहे. पण लेखकाने स्वतःच फितूर म्हटलं की वाचकाला ठरवायला काही उरतच नाही.

खबऱ्या पण नको, तो गुपचूप पोलिसांना खबर देतो, इथे सगळं उघड.

जागल्या मला मनापासून आवडतो, पेपरांमध्ये रुळलाय पण. रात्री गावात पहारा देणारा, हाक देऊन लोकांना उठवणारा. फरक एवढाच की जागल्याला ओरडायलाच नेमलेला असतो आणि व्हिसलब्लोअरने गप्प राहायची सही केलेली असते. आणि हाक दिल्याशिवाय जागल्या म्हणू नये असं मला वाटतं. डॅनियल एल्सबर्ग १९६१ मध्ये अमेरिकेच्या अणुयुद्धाच्या प्लॅनिंगवर काम करत होता, प्लॅनप्रमाणे हल्ला केला तर साधारण ६० कोटी माणसं मरतील हा लष्कराचाच हिशोब त्याने तेव्हा वाचला, हादरला, पण बाहेर बोलला नाही. १९७१ ला त्याने व्हिएतनाम युद्धाबद्दलची सरकारची गुप्त कागदपत्रं पेपरांना दिली तेव्हा तो जागल्या झाला, अण्वस्त्रांचे कागद मात्र भावाकडे लपवायला दिले होते ते हरवले, त्यामुळे त्या धोरणावर तेव्हा व्हायला हवी होती ती चर्चा झालीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रियापदाचं म्हणाल तर दर वेळी 'गौप्यस्फोट केला' लिहू नका. वनुनूचा गौप्यस्फोट, कारण मूळ गोष्टच लपवलेली होती. २०१५ मध्ये विल्यम मॅकनीली या ब्रिटिश नौसैनिकाने ट्रायडेंट या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्यांवरच्या सुरक्षेतल्या ढिलाईवर लिहिलं, नौदलाने आरोप फेटाळले आणि त्याला नोकरीतून काढलं, तर तिथे पाणबुड्या आहेत हे सगळ्यांना माहीतच होतं, म्हणून तिथे 'वाचा फोडली' जास्त नीट बसतं.