फ्रेंच तिकिटांवरची टोपीवाली

प्रश्न : फ्रान्सच्या टपाल तिकिटांवर टोपी घातलेली बाई दिसते. ती राणी आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : राणी मुळीच नाही! ती मारिआन, फ्रेंच प्रजासत्ताकाचं रूप. १७९२मध्ये राजेशाही संपली आणि राजमुद्रेवर राजाऐवजी भाला धरलेली स्त्री आली. भाल्याच्या टोकावर टोपी होती. प्राचीन रोममध्ये मुक्त झालेल्या गुलामाला टोपी मिळे, म्हणून ती स्वातंत्र्याची खूण. पुढे ती मारिआनच्या डोक्यावर चढली. नगरपालिकांमध्ये तिचे अर्धपुतळे असतात. नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या विशी राजवटीत त्यांतले अनेक हटवले गेले. माझ्या संग्रहातलं सर्वांत लाडकं तिकीट त्याच काळातलं : एदमाँ द्युलाकनं रेखाटलेली, लंडनमध्ये छापलेली मारिआन. देश शत्रूच्या ताब्यात असताना तिचा चेहरा परक्या शहरात तयार होत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.